परांचीवरची द्वारकाबाय

द्वारकाबाय कुणाच्याही घरात शिरली की आधी भिंतीवर तळहात टेकवी, माणसांकडे नंतर पाही. देवळाच्या उंबऱ्याला आपण हात लावतो तसा नव्हे. डॉक्टर आजाऱ्याच्या पोटाला लावतात तसा. आमच्या ओटीवर ती पहिल्यांदा आली ती पाणी मागायला. समोरच्या जागेत बांधकाम सुरू झालं होतं आणि कामावरच्या बायकांना प्यायचं पाणी हवं होतं. मी कळशी आणायला आत गेले. बाहेर येते तो ही आमच्या दर्शनी भिंतीला हात लावून उभी.

"बाई, ह्या भितीला प्वाट सुटलाय," ती म्हणाली.

तुमचे आजोबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. ते पेपरावरूनच पाहत म्हणाले, "गावातल्या चांगल्यातल्या चांगल्या गवंड्याने बांधलीय ती."

"गवंडी चांगला आसंल, दादानूं. पन त्यानं मदी माती भरलान नि वरनं गिलावा केलान. बोट वाजवून बगा, भित सोताच सांगंल."

तिने बोटाच्या पेराने भिंत वाजवली. एका जागी टणक आवाज आला, हातभर पुढे भद्द. आजोबा हसले आणि पेपर उलटला. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास त्या भद्द जागेचा गिलावा सुटून खाली आला आणि आत मातीच निघाली. त्यानंतर द्वारकाबाय ओटीवर आली की आजोबा पेपर घडी करून बाजूला ठेवीत.

मैथिली, तू आता तिकडे बांधकामाचं शिक्षण घेते आहेस. मागच्या फोनवर तू विचारलंस, "आजी, तुमच्या वेळी तिथे या कामात बायका होत्या का गं?" मी "होत्या" म्हटलं आणि विषय बदलला. विषय बदलला याचं कारण नीट क्रमाने लिहावं, म्हणून ही वही घेतली आहे. तुम्हा दोघा भावंडांना मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. तरीही हे इंग्रजीत लिहिणार नाही. तिचं बोलणं इंग्रजीत नेलं तर ती पुन्हा एकदा माझ्या हातून बदलली जाईल.

तेव्हा, म्हणजे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, मी शाळेत इंग्रजी शिकवीत होते आणि आमच्या महिला मंडळाची चिटणीस होते. आतल्या गावांतून रत्नागिरीत शिकायला येणाऱ्या मुलींना राहायला जागा नसे. त्यांच्यासाठी वसतिगृह बांधायचं मंडळाने ठरवलं. जागा मिळाली ती नेमकी आमच्या घरासमोर. कंत्राट अनंतशेटना दिलं. अनंतशेट गोड बोलणारे गृहस्थ. मंडळाच्या बायका दिसल्या की छत्री मिटून उभे राहत. आम्हाला त्यांचं फार कौतुक होतं.

आपल्याकडची घरं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. एक चिरा म्हणजे सहा-सात वर्षांचं मूल उचलावं एवढं वजन. गाडीतून उतरलेले चिरे भिंतीपर्यंत नेणं हे बायकांचं काम. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चिरा, आणि सुंभाने बांधलेल्या बांबूच्या परांचीवर चढून तो गवंड्याच्या हाताशी द्यायचा. गवंडी तो ठेवणार, ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का पाहणार. गवंडी पुरुष, बाई बिगारी. बिगाऱ्याची मजुरी गवंड्याच्या निम्मी, आणि बाई बिगारी असेल तर त्याहून कमी. बाईने ओळंब्याला हात लावला तर भिंत कलते, असाही समज होता. म्हणजे दिवसभर चिरे तिनेच वाहायचे, माल तिनेच कालवायचा, भिंतीवर पाणी तिनेच मारायचं, पण दोरीला लोंबणाऱ्या त्या लोखंडाच्या गोळ्याला मात्र शिवायचं नाही.

द्वारकाबाय या समजाला हसायची. "ओळंब्याला काय ठावं कुनी धरलाय ता," ती म्हणायची. "त्याला यकच ठावं, खाली कुठं हाय."

ती हातखंब्याच्या पलीकडच्या एका गावची. वय माझ्याएवढंच, चाळिशीच्या आत-बाहेर. काळीसावळी, हाडापेराने मोठी. चालताना मान कधी हलत नसे; आयुष्यभर डोक्यावर वजन घेतल्याची ती सवय. नवरा मुंबईला गिरणीत. मी तिला "तू" म्हणे आणि ती मला "तुमी बाई". वयाने आम्ही बरोबरीच्या होतो, हे मला आत्ता लिहिताना पहिल्यांदा सुचतं आहे.

एकदा मी विचारलं, "चिरा लावायचं कुठे शिकलीस?"

"शिकतंय कशाला? आमच्या गावातले समदे बाप्ये मुंबयला. पडवी पडली तर कुनी बांदायची? आवाराचा गडगा पडला, इहिरीचा कठडा गेला, कुनी बांदायचा? गनपतीला बाप्ये येतात, आरत्या बोलतात नि जातात." मग म्हणाली, "घरी बांदला तर ता घरकाम. हिकडं बांदला तर गवंडीकाम. चिरा तोच गो, बाई."

शिमग्यात तिची ही विद्या सगळ्यांना दिसली. शिमगा म्हणजे आपल्याकडे गावोगावी देवाची पालखी निघते आणि ती घरोघर येते. त्या दिवसांत कोकणातला माणूस कामावर थांबत नाही. वसतिगृहावरचे सगळे गवंडी आपापल्या गावी गेले. मुख्य गवंडी धाकू मेस्त्री, तोही गेला. मागे स्वयंपाकघराची भिंत कमरेएवढी होऊन अडली होती. पालखी घरी येते तेवढ्या एका दिवसापुरत्या बायका गेल्या आणि परत आल्या. त्यांना खाडा परवडत नव्हता. पण गवंडी नाहीत म्हणून त्यांनाही काम नव्हतं. द्वारकाबायने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी धाकू मेस्त्रीच्या पेटीतून थापी आणि ओळंबा काढला आणि चार जणींना घेऊन भिंतीवर चढली.

मी ओटीवरून पाहत होते. आधी तिने कोपऱ्याचा चिरा लावला. कोपरा मेस्त्रीच लावतो. साध्या गवंड्यालाही तो लावू देत नाहीत, कारण कोपरा चुकला की सगळी भिंत त्याच्या मागून चुकते. तिने चिरा ठेवला, थापीच्या मुठीने दोन ठोके दिले, ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिलं आणि परत उचलला. तीनदा उचलला. चौथ्यांदा ठेवला तो ठेवला.

आठवड्याने धाकू मेस्त्री परतला तेव्हा भिंत खिडकीच्या वरपर्यंत गेली होती. म्हातारा कमी बोलणारा. त्याने पेटीतला ओळंबा काढला, भिंतीच्या चारही अंगांनी सोडून पाहिला. बायका चुंबळी हातात धरून उभ्या.

"कुनी घातलान ही?"

द्वारकाबाय म्हणाली, "मीच. मोडायची आसंल तर मोडा. पन आदी सांगा, कुठं चुकलाय."

मेस्त्रीने ओळंब्याची दोरी गुंडाळली. "चुकला नाय खयंच," तो म्हणाला. "बायकांचा हात हाय, तेवडा शेटना सांगू नका."

त्या दिवसापासून ती गवंडी झाली, पण चोरून. मेस्त्री तिला मागच्या भिंती देई. अनंतशेटची मोटारसायकल वाजली की ती थापी ठेवून घमेलं उचली. तिच्या हाताखाली शेवंती नावाची मंडणगडकडची एक पोर शिकत होती, विशीचीही नसेल, आणि आणखी दोघी. दुपारच्या भाकरीला सगळ्या आमच्या आंब्याखाली बसत. तिथे मी त्यांचं बोलणं ऐके.

"द्वारकाबाय, तुमी गवंडी झालाव म्हंजे आता आमाला हुकूम सोडनार काय?"

"सोडनार तर. पयला हुकूम, शेवंते, तुज्यातला सुका जवळा हिकडं टाक."

तिला चोरून काम करणं फार दिवस मानवलं नाही. अनंतशेट एकदा मंडळाच्या बायकांना बांधकाम दाखवत होते, तेव्हा ती भिंतीवरून सरळ खाली आली आणि आमच्यापुढे उभी राहिली. हातात थापी.

"शेट, हजेरीत माज्या नावाम्होरं बिगारी लिवताव ता काडा. गवंडी लिवा. स्वयपाकघर मी बांदलाय. ह्या तिगी जनीबी शिकल्यात. आनि परांचीचा सुंभ बदला. गेल्या पावसातला हाय, कुजलाय."

अनंतशेट हसले. "द्वारकाबाय, तुला मिशी फुटली की सांग. त्याच दिवशी गवंडी लिहितो."

"मिशीनं चिरा चडत नाय, शेट. धाकू मेस्त्रीला इचारा, त्याची कदीची पिकली."

मंडळाच्या बायका हसल्या. मीही हसले. अनंतशेटही हसले आणि म्हणाले, "सुंभ जुना असला तरी पीळ आहे हो त्यात." सगळं हसण्यावारी गेलं. जाताना आमच्या अध्यक्षा, माईसाहेब, मला म्हणाल्या, "काय धीट बाई आहे नाही? अशाच बायका पुढे यायला हव्यात." आणि मग आम्ही गच्चीचा उतार कुठे असावा ते पाहायला गेलो.

पंधरा दिवसांनी तो सुंभ तुटला. वरच्या मजल्याच्या परांचीवर शेवंती घमेलं घेऊन चढली होती. बांबू सरकला आणि ती चिऱ्यांच्या ढिगावर पडली. मी शाळेतून येत होते. तिला फळीवर घालून नेत होते तेव्हा ती रडत नव्हती, डोळे उघडे ठेवून आभाळाकडे पाहत होती. जीव वाचला. खुबा मोडला तो कायमचा. पुढे ती मंडणगडला परत गेली, आणि एक पाय ओढत चालते एवढंच कानावर आलं.

संध्याकाळी द्वारकाबाय आमच्याकडे आली. त्या दिवशी तिने भिंतीला हात लावला नाही. हातात तुटलेल्या सुंभाचा तुकडा होता. तो तिने माझ्या टेबलावर ठेवला. दोन बोटांनी चिमटलं की त्याची भुकटी होत होती.

"बाई, अर्ज लिवा. कामगार कचेरीत द्यायचाय. आमी अकरा जनी आंगठं देताव."

"सांग, काय लिहू."

तिने विचार करून आणलं होतं. बोटांवर मोजत सांगितलं. "पयला, परांचीला नवा सुंभ बांदा, दर पावसाळ्यानंतर नवा. दुसरा, दोन फळ्या घाला, यक नको, पाय ठरंल अशी जागा पायजे. तिसरा, जी बाई चिरा लावते तिला गवंडी बोला नि गवंड्याच्या जागंवर उबी करा. परांचीवर हक्कानं उबी आसली तर ती सुंभ सोता बगंल. बिगारी काय बगनार? ती घमेलं घेऊन चडते नि उतरते."

मी हे सगळं लिहून घेतलं. अजूनही तो कागद माझ्याजवळ आहे, म्हणून तिचे शब्द मला इतके नेमके देता येतात. त्यानंतर मी जे केलं ते नीट वाचा.

मला तो अर्ज कच्चा वाटला. सुंभ, फळ्या, थापी, असलं कचेरीत कोण वाचणार? मी शिकलेली. मुलींना निबंध लिहायला शिकवत होते. एका लेखात एकच मुद्दा असावा असं सांगत होते. परदेशातल्या कामगार स्त्रियांसाठी कोणकोणते संरक्षणाचे कायदे झाले याबद्दल इंग्रजी पुस्तकांत वाचलं होतं. शेवंतीचे ते उघडे डोळे मनातून जात नव्हते. मी दोन दिवस बसून स्वच्छ अक्षरात अर्ज तयार केला. वर विषय घातला, "बांधकामावरील महिला कामगारांना संरक्षण मिळणेबाबत." खाली लिहिलं की, स्त्रियांची शारीरिक प्रकृती लक्षात घेता त्यांना उंचावरील व धोक्याचे काम देण्यात येऊ नये. गवंडी म्हणण्याचा मुद्दा मी गाळला. त्याने मूळ मागणी दुबळी होते असं मला वाटलं. तो पुढच्या अर्जात घेऊ, असं ठरवलं. सुंभाचं काम वाक्यात कुठे बसेना. बायका वर चढणारच नसतील तर सुंभाचा प्रश्नच मिटतो, असं मला वाटलं. खरंच तसं वाटलं.

आंब्याखाली मी तो अकरा जणींना वाचून दाखवला. सरकारी भाषा, आणि मी भरभर वाचते. वाचून संपवला. मग एक म्हातारी म्हणाली, "ब्येस लिवलाय. भटाच्या पोथीवानी."

द्वारकाबायने विचारलं, "बाई, सुंभाचा लिवलाव ना?"

मी म्हटलं, "त्यात सगळं आलं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा शाईत बुडवला. तिच्यामागून बाकीच्या दहा जणींनी.

अर्जावर मंडळाचा शिक्का होता, त्यामुळे कचेरीत तो महिनाभरातच मान्य झाला. अधिकाऱ्यांनी मंडळाला कौतुकाचं पत्र पाठवलं. माईसाहेबांनी ते सभेत वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या. अनंतशेट पेढे घेऊन आले. मला तेव्हाही त्या पेढ्यांचं नवल वाटलं नाही. म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के योग्य. आपल्या आयाबहिणींनी वर चढायचंच कशाला? मी उद्यापासून एकीलाही परांचीवर पाय ठेवू देणार नाही."

आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला. दुसऱ्या दिवसापासून बायका खाली. चिरे परांचीच्या पायाशी आणून टाकायचे, माल कालवायचा, पाणी मारायचं. वर चढवायला पुरुष ठेवले. त्या वर्षांत मुंबईच्या गिरण्या बंद पडून गावोगावचे पुरुष परत आले होते आणि कामाला हात भरपूर होते. बायका वर चढत नाहीत म्हणजे त्यांचं काम हलकं, असं म्हणून त्यांची मजुरीही कमी केली, आणि अकरांपैकी पाच जणींना घरी पाठवलं. धाकू मेस्त्रीने द्वारकाबायकडून थापी मागून घेतली. तो तिच्याकडे पाहत नव्हता. "माज्या हातात काय नाय," एवढंच म्हणाला. सुंभ तोच राहिला. तुटला होता तेवढ्या जागी गाठ मारली.

ती चार दिवसांनी आली. मी ओटीवर वह्या तपासत होते.

"बाई, तुमी काय लिवलाव ता मना वाचून दाकवा. सावकास."

माझ्याजवळ नक्कल होती. मी वाचली. एकेक ओळ वाचून तिचा अर्थ तिच्या भाषेत सांगितला. सांगताना काय झालं ते माझ्या लक्षात येत गेलं. ती उभीच होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

"म्हंजे बाईची परकृती कमी, आसा आमीच लिवून दिलाव," ती म्हणाली. "आमच्याच आंगठ्यानं."

"द्वारकाबाय, माझा हेतू..."

"आमी सुंभ बदला बोललाव. तुमी आमालाच बदललाव."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने आवाजही चढवला नाही. म्हणाली, "अनंतशेट काय, ता उगडा वैरी. त्याला मी मिशीवरनं बोलतंय. तुमाला काय बोलू?"

मी त्याच दिवशी दुसरा अर्ज लिहिला. या वेळी तिचे शब्द, तिच्या क्रमाने: सुंभ, फळ्या, थापी. माईसाहेबांकडे शिक्क्यासाठी घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि घडी करून माझ्या हातात परत दिला.

"अहो, आत्ताच तर आपण बायकांना वर चढवू नका म्हणालो. आता चढवा म्हणायचं? कचेरीत हसतील आपल्याला. मंडळाचं नाव आत्ता कुठे होतंय. उद्घाटनाला पाहुणे यायचेत. तो समारंभ होऊन जाऊ दे, मग पाहू."

मी "बरं" म्हटलं. मला शिक्क्याशिवाय, माझ्या एकटीच्या सहीने तो अर्ज देता आला असता. कचेरी आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती. मी दिला नाही. का दिला नाही याची तेव्हा मी स्वतःला पाच-सहा कारणं दिली होती. आज त्यांतलं एकही आठवत नाही. कारणं नव्हतीच असं त्यावरून दिसतं.

उद्घाटन थाटात झालं. धाकू मेस्त्रीला आणि गवंड्यांना शाल-नारळ. कामावर उरलेल्या बायकांना खण, आणि ते वाटायचं काम माझ्याकडे. सहा खण होते. पाच वाटले. द्वारकाबाय आली नव्हती. त्याच दुपारी मी "स्त्रियांनी आपले नेतृत्व आपणच घडवावे" या विषयावर भाषण केलं. भाषण चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. वसतिगृहाच्या दारात संगमरवरी पाटी आहे. मैथिली, तू लहान असताना तिच्यावर बोट फिरवून माझं नाव वाचलं होतंस आणि फार खूश झाली होतीस. बायकांनी बांधलेल्या भिंतीचा त्या पाटीवर उल्लेख नाही.

पुढचं वर्ष गेलं. मंडळाने कामगार स्त्रियांसाठी एक समिती काढायचं ठरवलं आणि तिच्यात एखादी "प्रत्यक्ष काम करणारी" बाई असावी असा ठराव झाला. सगळ्यांना द्वारकाबायच आठवली. मी म्हटलं, मी जाऊन येते. खरं म्हणजे मला माफी मागायची होती आणि त्यासाठी काहीतरी निमित्त हवं होतं.

हातखंब्याला एसटीतून उतरून तासभर चालले. तिचं घर विचारलं तर एका मुलीने सांगितलं, "ती घरी नसंल, ती कामावर." वाडीच्या टोकाला एक घर नव्याने बांधलं जात होतं. मालक मुंबईला, घरी त्याची बायको आणि सासू. भिंत छातीच्या वर गेली होती. परांची चांगली रुंद, दोन फळ्यांची, नवाकोरा पिवळा सुंभ घट्ट आवळलेला. तिच्यावर द्वारकाबाय, पदर खोचून, आणि दोघी बायका चिरे देत होत्या. पुरुष एकही नव्हता.

तिने मला पाहिलं. "आलाव?" म्हणाली आणि चिरा लावत राहिली.

मी खाली उभी राहून समितीबद्दल सांगितलं. महिन्यातून एक सभा, जाण्यायेण्याचं भाडं मंडळ देईल, कचेरीतले लोक येतात, त्यांच्यापुढे तिला बोलता येईल. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. माझं संपल्यावर तिने थापीवरचा माल झटकला.

"आमच्या वतीनं बोलनाऱ्या लय जनी झाल्या, बाई. तिथं मी येऊन काय करू? मी सुंभ बोलनार, तुमी कायतरी दुसराच लिवनार."

"माझं चुकलं, द्वारकाबाय."

"व्हय," ती म्हणाली. "चुकला."

चिरे देणाऱ्या दोघींपैकी एक खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. मी तिथून निघायला हवं होतं, पण निघाले नाही. मी विचारलं, "मी काही करू का? काही मदत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग चिरे एका रेषेत यावेत म्हणून ताणतात ती नव्या थराची दोरी उचलली. एक टोक तिच्या बाजूच्या कोपऱ्याला बांधलेलं होतं, दुसरं तिने खाली माझ्याकडे टाकलं.

"ह्या टोकाला उब्या ऱ्हावा. त्या चिऱ्यावर दोरी दाबून धरा."

मी चप्पल काढून चिऱ्यांच्या ढिगावर चढले आणि भिंतीच्या त्या टोकाला दोरी अंगठ्याने दाबून धरली. मला वाटलं दोरी सैल आहे, म्हणून मी ती जरा ताणून घेतली.

"वढू नका," ती म्हणाली. "नुसती धरा."

मी नुसती धरली. ती एकेक चिरा दोरीला लावत माझ्याकडे सरकत आली. पाऊण तास गेला असेल. ऊन तापलं. थर पुरा झाल्यावर तिने मला उतरायला सांगितलं. घरधनिणीने तांब्याभर पाणी दिलं, मी प्याले आणि निघाले. द्वारकाबायने बसा म्हटलं नाही की पुन्हा या म्हटलं नाही.

त्यानंतर ती मला भेटली नाही. काही वर्षांनी ती गेल्याचं कळलं, तेही एसटी स्टँडवर, दुसऱ्याच कुणाशी बोलताना.

त्या दिवशी तिच्या कामावरून परतताना पाणंदीच्या वळणावर पोचल्यावर मी मागे वळून पाहिलं. पुढचा थर सुरू झाला होता. मी उभी होते त्या टोकाला तिने एक सुटा चिरा ठेवला होता आणि दोरी त्याला गुंडाळून घेतली होती. दोरी माझ्या हातात होती त्याहून सरळ दिसत होती.